तीन हजारांचा दाब

उड्डाणानंतर चाके पोटात ओढून घेणे, उतरण्याआधी ती बाहेर काढून जागी पक्की करणे, पंखांच्या कडांचे फ्लॅप आणि स्लॅट हलवणे, शेपटीवरचे रडर आणि एलिव्हेटर फिरवणे, धावपट्टीवर ब्रेक लावणे, प्रवासी विमानातली ही सगळी जड कामे तेल करते. पंपाने दाबाखाली आणलेले हे तेल धातूच्या बारीक नळ्यांतून नाकापासून शेपटीपर्यंत फिरते, जिथे बळ हवे तिथे पिस्टन ढकलते आणि पुन्हा टाकीत येते. दोन आसनांच्या लहान विमानात वैमानिकाने ओढलेल्या तारांनी पृष्ठभाग हलू शकतात. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या ७५ टनांच्या विमानात समोरून येणाऱ्या हवेपुढे माणसाच्या हाताचे काही चालत नाही. तिथे वैमानिकाचा हात फक्त इशारा देतो आणि बळ हायड्रॉलिक यंत्रणा पुरवते.

ही यंत्रणा सांभाळायला शिकणारा मेकॅनिक येतो तो पाने, जॅक आणि इंजिनांच्या ओढीने. पहिल्या काही महिन्यांतच त्याच्या लक्षात येते की जोर लावण्याचे प्रसंग थोडे आहेत. बहुतेक वेळ जातो पुसण्यात, झाकण्यात, नंबर ताडून पाहण्यात, मोजण्यात आणि लिहिण्यात. डोळ्याला ठीक दिसणारी गोष्ट ठीक आहे असे धरून न चालण्याची सवय हा या शिक्षणाचा गाभा आहे, आणि ती सवय का लागते हे यंत्रणेच्या रचनेतून आणि तिच्या इतिहासातून समजते.

तत्त्व शाळेतल्या पुस्तकातलेच आहे. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी मांडले आणि १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. जेट प्रवासी विमानांत अनेक दशके हा दाब ३,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१० किलो, असा ठरून गेला आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरले तर त्यातून दहा टनांहून जास्त जोर निघतो, आणि असा पिस्टन दोन हातांनी उचलून बाकावर ठेवता येतो. थोड्या वजनात एवढे बळ देणारी दुसरी सोय बराच काळ नव्हती, म्हणून विमानांनी तेल धरले.

भारतातल्या विमानतळांवर सर्वात जास्त दिसणारे जेट म्हणजे एअरबस ए-३२० कुटुंबातले. १९८८ साली सेवेत आलेले हे विमान शिकण्यासाठी चांगले, कारण त्याची मांडणी स्वच्छ आहे. त्यात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा आहेत आणि त्यांना रंगांची नावे आहेत: हिरवी, निळी आणि पिवळी. हिरवीचा पंप डाव्या इंजिनावर चालतो, पिवळीचा उजव्या. निळीला विजेवर चालणारा पंप आहे. चाके उचलण्या-सोडण्याचे काम हिरवीकडे, नेहमीचे ब्रेकही हिरवीवर. पर्यायी ब्रेक पिवळीवर, आणि विमान उभे असताना मालाचे दरवाजे उघडायलाही पिवळीच लागते. वीज नसेल तर हातपंप मारून दरवाजा वर नेता येतो. हातपंपाचा दांडा पुढे-मागे करताना दरवाजा इंच इंच वर सरकतो तेव्हा दाब म्हणजे काय हे शिकाऊच्या खांद्याला कळते, आणि वर्गातल्या आकृतीपेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहते.

हिरवी आणि पिवळी यांच्यामध्ये पॉवर ट्रान्सफर युनिट नावाचे एक यंत्र आहे. दोन्हींच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की ते आपोआप सुरू होते आणि सशक्त बाजूच्या जोरावर अशक्त बाजूचा पंप फिरवते. इथे तेल एका बाजूचे दुसरीकडे जात नाही, फक्त शक्ती जाते. एका यंत्रणेत घाण किंवा गळती झाली तर ती दुसरीत पसरू नये, म्हणून ही काळजी. विमान एका इंजिनावर टॅक्सी करत असताना किंवा दुसरे इंजिन सुरू होताना पायाखालून कुत्रा थांबून-थांबून भुंकल्यासारखा जो आवाज येतो तो याच युनिटचा. अनेक प्रवासी त्याने दचकतात. हँगरमधल्या माणसाला तो न आल्यास काळजी वाटते.

निळीला आणखी एक आधार आहे. दोन्ही इंजिने बंद पडून वीज गेली, तर विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा खाली येतो आणि समोरच्या वाऱ्यावर फिरू लागतो. त्याला रॅम एअर टर्बाइन म्हणतात. त्याच्या जोरावर निळीत सुमारे २,५०० पीएसआय दाब राहतो. महत्त्वाचे पृष्ठभाग हलवण्यापुरते आणि आणीबाणीच्या जनित्रापुरते ते बळ असते.

तीन स्वतंत्र यंत्रणा कशासाठी, हे दोन अपघातांचा अभ्यास केल्याशिवाय नीट उमगत नाही. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे बोईंग ७४७ टोकियोहून ओसाकाला निघाले. सात वर्षांपूर्वी, १९७८ मध्ये, ओसाकाला उतरताना या विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती आणि मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती झाली होती. ती दुरुस्ती आराखड्याप्रमाणे झाली नाही. जोडपट्टी एक सलग लावायची ती दोन तुकड्यांत लावली गेली, त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे एकाच रांगेवर तो आला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळण्याचा मार्ग नव्हता. त्या दिवशी हवेत ती भिंत फुटली, केबिनमधली हवा शेपटीत घुसली, उभ्या शेपटीचा मोठा भाग उडाला आणि तिथून जाणाऱ्या चारही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या तुटल्या. विमानातल्या ५२४ जणांपैकी ५२० जण मरण पावले.

दुसरा अपघात १९ जुलै १९८९ चा, अमेरिकेतला. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती तडकून फुटली. या विमानात तीन हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, पण शेपटीत तिन्हींच्या नळ्या जवळजवळ होत्या आणि उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही रिकाम्या केल्या. कॅप्टन आल्फ्रेड हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रवासी म्हणून विमानात असलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकाच्या मदतीने, फक्त उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर डीसी-१० मध्ये शेपटीतली नळी तुटल्यास तेलाचा प्रवाह आपोआप अडवणारी झडप बसवली गेली. संख्या तीन असणे आणि त्या तीन एकमेकींपासून खरोखर दूर असणे यांतला फरक या अपघाताने अभियंत्यांना शिकवला. शिकाऊ मेकॅनिकलाही तो शिकायचाच असतो, कारण नळ्यांमधले अंतर राखणारे क्लॅम्प रोजच्या कामात त्याच्याच हातांखाली येतात.

आता तेल. प्रवासी जेटमध्ये वापरले जाणारे तेल जांभळट रंगाचे असते. ते खनिज तेल नाही. फॉस्फेट एस्टर या वर्गातले रासायनिक द्रव्य आहे आणि हँगरमध्ये कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला स्कायड्रॉलच म्हणतात. पूर्वीच्या विमानांत लाल रंगाचे खनिज तेल असे. गरम ब्रेकवर किंवा इंजिनाजवळ ते गळले की आग लागे. १९४० च्या दशकात डग्लस विमान कंपनी आणि मॉन्सँटो यांनी सहज न पेटणारे तेल तयार केले, तेच स्कायड्रॉल. लाल तेल अजून हद्दपार झालेले नाही. लढाऊ विमानांत ते वापरले जाते, आणि ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये किंवा हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत रशियन बनावटीच्या विमानांवर हात बसलेला माणूस लाल तेलाला सरावलेला असतो. तो नागपूरच्या मिहानमधल्या किंवा मुंबईतल्या प्रवासी विमानांच्या हँगरमध्ये आला की त्याला तेलाबाबतच्या सवयी नव्याने लावून घ्याव्या लागतात.

स्कायड्रॉल आगीपासून वाचवते, पण हाताळायला वाईट. कातडीला लागले की चुरचुरते, डोळ्यात उडाले तर माणूस जागेवर बसतो. लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवावे लागतात. हातमोजे आणि चष्मा याशिवाय कामाला हात लावायचा नाही ही ताकीद पहिल्या दिवसाची. सांडलेले तेल तसेच राहिले तर रंग फुगून सुटतो आणि तारांवरच्या आवरणावरही त्याचा परिणाम होतो, म्हणून पुसणे हा कामाचाच भाग. त्याची दुसरी खोड अशी की ते हवेतले पाणी शोषते. पाणी मिसळलेले फॉस्फेट एस्टर हळूहळू फुटून आम्ल तयार होते आणि ते आम्ल आतल्या धातूला खाते. मुंबईच्या जुलैमध्ये डब्याचे झाकण उघडे ठेवून चहाला जाणे म्हणजे यंत्रणेत पाणी ओतण्याची तयारी. अर्धा उरलेला डबा पुढच्या कामासाठी जपून ठेवण्याची घरगुती काटकसर इथे चालत नाही. विमानातल्या तेलाचे नमुने ठराविक काळाने प्रयोगशाळेत जातात आणि त्यांतले पाणी, आम्लता आणि कणांची संख्या मोजली जाते.

तेलाशी जोडलेला सगळ्यात मोठा धडा सीलचा आहे. दोन भागांच्या सांध्यात तेल अडवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, दिसायला क्षुल्लक. लाल खनिज तेलासाठी ती नायट्राइल रबराची लागते, जांभळ्या तेलासाठी इथिलीन-प्रोपिलीन जातीच्या रबराची. दोन्ही काळ्या, दोन्ही मऊ, एकाच मापाच्या असतील तर शेजारी ठेवून अनुभवी माणसालाही वेगळ्या ओळखता येत नाहीत. पण नायट्राइलची कडी स्कायड्रॉलमध्ये गेली की फुगते, मऊ पडते आणि काही काळाने तिचे तुकडे तेलातून फिरू लागतात. उलट बाजूनेही तेच. म्हणून सुटी ओ-रिंग कितीही नवी दिसली तरी ती कचऱ्यात जाते. पाकिटातली, पाकिटावर पार्ट नंबर आणि रबर तयार झाल्याची तारीख छापलेली, तीच वापरायची. पाकीट फाडायचे तेही सांध्याजवळ उभे राहून.

विमान देखभाल अभियंता होण्यासाठी भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, लायसन लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेली मुले डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रवेश घेतात. टर्बाइन इंजिनाच्या विमानांचे यांत्रिक लायसन बी-१.१ या वर्गात येते आणि त्याचा पायाभूत अभ्यासक्रम २,४०० तासांचा आहे. विषय मॉड्यूलमध्ये विभागलेले असतात: सहावे साहित्य आणि हार्डवेअरचे, सातवे देखभालीच्या पद्धतींचे, नववे मानवी घटकांचे, दहावे कायद्याचे. हायड्रॉलिक्स येते ते अकराव्यात, विमानाच्या बाकीच्या यंत्रणांबरोबर. प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. आयटीआयमधून आलेल्या मुलांचा रस्ता वेगळा: १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती कारखान्यात शिरतात आणि हातकामात लवकर तयार होतात, पण लायसनच्या परीक्षांचा डोंगर त्यांच्यापुढे नंतर उभा राहतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक अडचण येते. विमानाची सगळी मॅन्युअल्स इंग्रजीत असतात आणि त्यांतल्या सूचना फार नेमक्या असतात. ‘खबरदारी’ आणि ‘इशारा’ यांसाठी तिथे दोन वेगळे शब्द आहेत. एक यंत्राच्या नुकसानीबद्दल, दुसरा माणसाच्या जिवाबद्दल. हा फरक कोणीतरी मराठीत बसून समजावला तर मुले पटकन पुढे जातात, आणि असे समजावणारे सिनिअर प्रत्येक हँगरला लाभोत.

हातकामाची सुरुवात कंटाळवाणी असते. पहिली गोष्ट वायर लॉकिंग. थरथरीने बोल्ट सैल पडू नये म्हणून दोन बोल्टांच्या डोक्यांतून बारीक स्टीलची तार घालून तिला पीळ देतात, साधारण इंचाला सहा ते आठ. तार अशा बाजूने ओढलेली हवी की एक बोल्ट सुटू लागला तर दुसरा घट्ट व्हावा. दिशा चुकली तर तार दिसायला सुरेख, कामाला शून्य. शिकाऊ मुलांच्या टेबलावर कापून टाकलेल्या तारांचा ढीग साचतो आणि बोटांच्या टोकांना बारीक जखमा होतात. त्यानंतर नळ्या येतात. धातूची नळी यंत्रावर वाकवणे, कडा घासणे, जोडाची नट हाताने शेवटपर्यंत फिरवणे आणि मगच टॉर्क रेंच लावणे. नळी जोडाला सरळ येत नसेल तर नटाने ओढून जुळवायची नाही. तसे केले की नळी कायम ताणाखाली राहते आणि थरथरीने तिथेच तडकते.

नळीवरच्या खड्ड्याचे नियम वाचताना या व्यवसायाची शिस्त दिसते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे नळीच्या सरळ भागातला खड्डा व्यासाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो सहसा चालतो. तोच खड्डा वळणाच्या टाचेवर असेल तर नळी बदलायची. लवचीक होजचे वेगळे. दाब आल्यावर होजची लांबी बदलते, म्हणून ती ५ ते ८ टक्के सैल ठेवतात. तिच्या अंगावर लांबीभर एक रेघ छापलेली असते. रेघ सरळ गेली तर होज सरळ बसली, रेघ गोल फिरली तर होज पिळली गेली आणि दाब येताच ती जोडाची नट सैल करणार. अर्थात पुस्तिका सर्वसाधारण असते. हातातल्या विमानाचे मॅन्युअल जे सांगेल ते शेवटचे.

फिल्टर बदलणे हे शिकाऊला लवकर मिळणारे, आणि बरेच काही शिकवणारे काम. तेलाचा प्रत्येक थेंब फिल्टरमधून जातो, कारण पृष्ठभाग हलवणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. फिल्टर तुंबला की त्याच्या डोक्यावरचे छोटे लाल बटण बाहेर येते. काम हाती घेण्याआधी पंप बंद, सर्किट ब्रेकर बाहेर ओढून त्यांवर टॅग, कॉकपिटमध्ये सूचनेची पाटी, मग यंत्रणेतला दाब उतरवणे. टाकीत हवेचा सुमारे ५० पीएसआय दाब असतो, तोही सोडावा लागतो. पंप बंद म्हणजे दाब शून्य असे नव्हे: ॲक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवलेले असते आणि ते तासन्‌तास टिकते. गेज शून्यावर आलेले पाहिल्याशिवाय पाना लागत नाही.

मग फिल्टरची वाटी काढतात, सरळ खाली, आतले तेल न सांडता. इथे सिनिअर मेकॅनिक शिकाऊला थांबवतो. वाटीतले तेल फेकायचे नाही. पांढऱ्या कापडावर ओतून उजेडात धरायचे. सोनेरी चकाकी दिसली तर ते ब्राँझ, बहुधा पंपाच्या पिस्टनच्या पायांचे. पंपात सहसा नऊ पिस्टन एका तिरक्या तबकडीवर घसरत फिरतात आणि झीज तिथे सुरू होते. रुपेरी मऊ कण ॲल्युमिनियमचे, काळे लवचीक तुकडे कुठल्यातरी सीलचे. पंपाच्या केसमधून परतणाऱ्या तेलाचा जो फिल्टर असतो तो या दृष्टीने सर्वात बोलका, कारण पंप बिघडण्याची बातमी दाब कमी होण्याच्या कितीतरी आधी त्यात येते. कण जपून, कुठून आले ते लिहून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यानंतर जुनी ओ-रिंग काढायची, तीही पितळी किंवा प्लॅस्टिकच्या आकड्याने. स्टीलच्या टोकाचा एक ओरखडा खाचेत पडला तर नवी कडी कितीही चांगली असली तरी तिथून गळणार. नवी कडी यंत्रणेतल्याच तेलाने भिजवून पीळ न पडता बसवायची, वाटी ठरलेल्या टॉर्कने आवळायची, तार लावायची, दाब द्यायचा आणि ठरलेली मिनिटे उभे राहून बघायचे.

या कामात जिवाला धोका तीन ठिकाणी असतो. ३,००० पीएसआयवर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी फवारणी बऱ्याचदा डोळ्याला दिसत नाही. ती कातडीतून आत शिरते, बाहेर बारीक ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही, आणि आत ऊती मरत जातात. काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती हाताने चाचपून शोधणारा शिकाऊ लगेच बाजूला काढला जातो. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतात. दुसरा धोका चाकांच्या कप्प्याच्या दरवाजांचा. दाब येताच ते क्षणात मिटतात आणि मध्ये असलेल्या माणसाला सुटायला वेळ देत नाहीत. म्हणून जमिनीवर दरवाजे उघडले की आधी सेफ्टी लॉक आणि लाल फडकी लावलेल्या पिना. तिसरा धोका पंखावरच्या आणि शेपटीवरच्या पृष्ठभागांचा. यंत्रणेला दाब देण्याआधी विमानाभोवती फेरी मारून कोणी शिडीवर नाही, कुठे स्टँड टेकलेला नाही हे पाहतात. कॉकपिटमधला माणूस खालच्या माणसाचा हेडसेटवरचा होकार ऐकल्याशिवाय स्विच दाबत नाही.

गळती शोधणे ही पुढची पायरी. यंत्रणेत गळती अजिबात नको असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात हलत्या दांड्याच्या सीलमधून थोडे तेल येणे हे त्या सीलला वंगण मिळत असल्याचे लक्षण असू शकते. मॅन्युअलमध्ये भागागणिक मर्यादा दिलेली असते, मिनिटाला किती थेंब चालतात ती. शिकाऊ आधी भाग पुसून कोरडा करतो, दाब देतो, घड्याळ लावतो आणि थेंब मोजतो. पुसल्याशिवाय मोजणे हा सर्वात सामान्य घोटाळा, कारण तेल नळीच्या अंगावरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी ठिबकते आणि चांगला भाग बदलला जातो. बाहेर न दिसणारी, व्हॉल्व्हच्या आतल्या आत होणारी गळती यापेक्षा अवघड. ती पंप नेहमीपेक्षा जास्त चालण्यातून, नळी गरम लागण्यातून, बंद केल्यावर दाब लवकर उतरण्यातून ओळखावी लागते. या जागी अनुभवी हाताला पर्याय नाही. परतीची नळी एवढी गरम का, हा प्रश्न मॅन्युअल उघडण्याआधी ज्याला पडतो तो चांगला मेकॅनिक होतो.

हायड्रॉलिक नळीच्या एका चुकीची गोष्ट देखभालीच्या वर्गांत जगभर शिकवली जाते, आणि तिच्यावर जरा थांबायला हवे. ऑगस्ट २००१ मध्ये कॅनडातल्या एअर ट्रान्झॅट कंपनीच्या एअरबस ए-३३० विमानाचे उजवे इंजिन बदलण्यात आले. बदली आलेले इंजिन जुन्या रचनेचे होते आणि त्यावर हायड्रॉलिक पंप नव्हता. काढलेल्या इंजिनावरचा पंप लावायला गेल्यावर तो इंधनाच्या नळीला अडला. या फरकाबद्दल इंजिन उत्पादकाची सर्व्हिस बुलेटिन होती, पण ती संगणकावर उघडता आली नाही. वेळेचा दबाव होता. फोनवर चर्चा झाली, इंधनाची नळी नव्या रचनेची बसवली आणि हायड्रॉलिकची नळी जुन्या रचनेचीच राहिली. दोन्हींमध्ये फट अपुरी होती. हाताने दाबून फट पाडली, क्लॅम्प आवळले, बघताना अंतर ठीक दिसले. मात्र हायड्रॉलिक नळीत दाब आला की ती आपल्या मूळ आकाराकडे सरते. ती सरली, इंधनाच्या नळीला टेकली आणि घासू लागली.

२४ ऑगस्टच्या पहाटे टोरँटोहून लिस्बनला जाताना अटलांटिकवर इंधनाची नळी फाटली. इंधन गळून संपले आणि दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिशे आणि त्यांच्या सहवैमानिकाने विमान सुमारे १९ मिनिटे घसरत नेऊन अझोर बेटांवरच्या लाजेस तळावर उतरवले. त्या १९ मिनिटांत विमानाचे पृष्ठभाग हलत राहिले ते रॅम एअर टर्बाइनने हायड्रॉलिक दाब धरून ठेवला म्हणून. ३०६ जणांपैकी कोणीही दगावले नाही. चूक करणारे मेकॅनिक आळशी किंवा अडाणी नव्हते, हे या प्रकरणात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांना अडचण दिसली, त्यांनी ती सोडवण्याची खटपट केली, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या फटीवर विश्वास ठेवला. कागद हाताशी नसताना काम थांबवणे त्यांना जमले नाही. शिकाऊला शिकवायला याहून कठीण दुसरी गोष्ट नसेल, कारण थांबणाऱ्याच्या मागे उड्डाणाची वेळ, वरिष्ठांचे फोन आणि विमानतळावर बसलेले प्रवासी असतात.

म्हणून कागदपत्रांना या कामात पान्याएवढेच वजन आहे. प्रत्येक कामाला टास्क कार्ड असते, त्यातल्या पायऱ्या एकेक करून पूर्ण होतात आणि प्रत्येकीसमोर सही होते. बसवलेल्या भागाचा नंबर, टॉर्क रेंचचा क्रमांक, तेलाच्या डब्याचा बॅच नंबर, सगळे उतरते. पाळी बदलताना अर्धवट राहिलेले काम तोंडी सांगून चालत नाही. नट बोटाने फिरवून ठेवली आहे, टॉर्क बाकी आहे, हे लिहावे लागते. वैमानिकाच्या नियंत्रणाशी जोडलेल्या कामात दुसऱ्या पात्र माणसाकडून स्वतंत्र तपासणी होते. काम संपल्यावर हत्यारे फळ्यावरच्या आपापल्या सावलीच्या आकृतीत परत जातात आणि एक जरी जागा रिकामी राहिली तरी विमान सुटत नाही.

शिकाऊ हे सगळे करतो, पण विमान सेवेत सोडण्याची सही त्याची नसते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतरही प्रत्यक्ष विमानांवरचा अनुभव नोंदवहीत, देखरेख करणाऱ्याच्या सहीसह, साचवावा लागतो. त्यानंतर लायसन मिळते आणि त्यावर विमानाचा प्रकार चढवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण व परीक्षा असते. ए-३२० वर सही करणाऱ्याला बोईंग ७३७ वर सही करता येत नाही. तिथे यंत्रणांना रंग नाहीत. ए, बी आणि स्टँडबाय अशी नावे आहेत आणि जोडणी वेगळी आहे.

प्रकार बदलला की अभ्यास पुन्हा सुरू होतो, आणि अलीकडे तो बदल मोठा आहे. एअर इंडियाच्या ताफ्यात २०१२ पासून असलेल्या बोईंग ७८७ मध्ये आणि २०२४ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३५० मध्ये दाब ५,००० पीएसआय आहे. दाब वाढला की त्याच बळासाठी पिस्टन आणि नळ्या लहान होतात, वजन वाचते, आणि जोडातली छोटी चूक अधिक महाग पडते. ७८७ चे ब्रेक तर तेलावर नाहीतच, ते विजेवर चालतात. ए-३५० मध्ये तीनऐवजी दोनच हायड्रॉलिक यंत्रणा आहेत. तिसरीची जागा विजेने घेतली आहे: काही पृष्ठभागांना स्वतःची छोटी टाकी, स्वतःची मोटर आणि स्वतःचा पंप असलेली बंदिस्त एकके बसवली आहेत. मुख्य यंत्रणेतले तेल गेले तरी ती चालतात. अशा एककापर्यंत विजेच्या तारा येतात आणि आत तेल असते, त्यामुळे त्यातला दोष शोधताना यांत्रिक लायसनचा माणूस आणि एव्हिऑनिक्स लायसनचा माणूस यांना एकाच पॅनेलपाशी उभे राहावे लागते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती विमाने येऊ लागली आहेत आणि त्यांतली बहुतेक ए-३२० कुटुंबातली आहेत. त्यामुळे आज नागपूर किंवा मुंबईच्या हँगरमध्ये शिकायला लागलेल्या मुलाच्या हातात पुढची बरीच वर्षे हिरवी, निळी आणि पिवळीच राहणार आहे.